काशिनाथचे हललेले फोटो

मंडळी, बसून घ्या. जिन्यात उभे आहात ते आत या, जागा आहे. एरवी आपल्या तालमीला या व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नसते. आज अर्धी सतरंजी रिकामी आहे. कोण आलं नाही ते मी बघून ठेवलंय.

मी बाबू. कलापथकात ढोलकी वाजवतो, आणि मिलमध्ये साचा खात्यात मागावर आहे. तुम्ही सगळे मला ओळखता. पण पहिल्या रांगेत सखूवहिनी बसल्यात, काशिनाथची बायको. त्यांचे भाऊ बसलेत. करी रोडच्या त्यांच्या चाळीतली माणसं बसलीत. त्यांना कळू दे कोण बोलतंय ते. मला भाषण येत नाही. वीस वर्षं मी दुसऱ्याच्या बोलण्यामागे बसून ढोलकी धरली. आज पुढे उभा केलाय, आणि हात कुठे ठेवायचे ते कळत नाहीये.

आपला काशिनाथ गेल्या गुरुवारी गेला. विषमज्वर झाला. परळच्या इस्पितळात एकवीस दिवस काढले त्यानं.

"आपला" म्हणालो मी. ऐकलंत ना? जीभ किती निर्लज्ज असते बघा. मेला म्हणून आपला. जिवंत होता तेव्हा दहा महिने तो कोणाचा होता? सांगा की. कोणीतरी सांगा.

बरं, राहू दे. आधी तो काय करायचा ते सांगतो.

काशिनाथ गिरगावात एका फोटो स्टुडिओत कामाला होता. बाहेर गिऱ्हाइकासमोर मालक, आत डार्करूममध्ये हा. लग्नाचे, मुंजीचे फोटो मालकानं काढायचे आणि यानं लाल दिव्याखाली धुवायचे. बोटांची नखं काळी पडली होती औषधांनी. स्टुडिओ बंद झाला की मालकाचा जुना जर्मन कॅमेरा मागून घ्यायचा आणि गिरगावातून चालत लालबागला यायचा. चालत. आपला खेळ असेल त्या दिवशी, आणि खेळ नसेल तर तालमीला. का यायचा? कोणी बोलावलं होतं? कोणी नाही. त्याला आपला खेळ आवडायचा, एवढंच.

आपला खेळ तुम्हाला ठाऊक आहे. दोन चाळींच्या मधलं मैदान, चार बाकांचा मंच, दोन गॅसबत्त्या. त्यातली एक कायम फुरफुरणारी. शेजारी बसलेल्याचं नाक दिसायची मारामार. आणि त्या उजेडात सदू. तो बघा मागे खांबाला टेकून बसलाय, आपला सोंगाड्या. वगात मुंबई मागायला दिल्लीला जातो तेव्हा तो काय शांत उभा राहतो? कोलांट्या मारतो, पुढाऱ्याच्या खांद्यावरून उडी मारतो, हवेत गिरकी घेतो. त्याचा फोटो काढायचा. कसा काढणार?

मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "बाबूदा, उजेड थोडा असला की कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. आणि तो उघडा असताना माणूस हलला की फोटो हलला. आता तुझा सदू तर जमिनीवर असतच नाही."

म्हटलं, मग मोठ्या लोकांसारखा फ्लॅश मार.

एकदा मारला त्यानं. मालकाकडून एक बल्ब मागून आणला होता. सदू हवेत, आणि धाडकन हा पांढरा उजेड. सदूच्या डोळ्यांपुढे काळोखी आली, जमीन कुठे आहे ते दिसेना, आला तो पेटीवर. पाय मुरगळला, आठ दिवस खाडा. सदू हसत होता. पेटीवाला रडत होता. पण काशिनाथ नाही हसला. म्हणाला, "माझ्या फोटोपायी माणूस आंधळा होऊन पडला. परत नाही." आणि नाहीच. परत कधी त्यानं आपल्या खेळात फ्लॅश आणला नाही.

मग काय केलं? तालमीला येऊन बसायला लागला, माझ्या डाव्या अंगाला. कॅमेऱ्यात फिल्म नाही. रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून नुसता खटका दाबायचा. टिक. टिक. महिनाभर. मला वाटलं याचं डोकं फिरलंय. मी ओरडलो, "अरे, माझी लय चुकवतोस!" तर म्हणतो कसा, "तुझी लयच शिकतोय. सदू उडी तुझ्या तालावर घेतो ना? मग तो वर कधी पोचणार ते मला बघून नाही, ऐकून कळलं पाहिजे. बघून दाबलं तर उशीर होतो."

वर गेलेला माणूस खाली यायच्या आधी जरासा थांबतो, असं तो म्हणायचा. मी कधी बघितलं नव्हतं. वीस वर्षं वाजवतोय, नव्हतं बघितलं. तो म्हणाला, "समेच्या आधी कान लाव, मग बघ." खरंच थांबतो. पापणी लवेपर्यंत. मंडपाच्या बांबूला कोपर रेटून, श्वास धरून, तो तेवढ्यासाठी उभा राहायचा. एका खेळात आठ फोटो, दहा फोटो. त्यातले सहा-सात हललेलेच. हात हललेला, धोतर हललेलं, तोंड तर हललेलंच.

आणि आपण हसायचो. हसायचो की नाही? "काशिनाथ, हा सदू आहे की दोरीवर वाळत घातलेलं धोतर?" हे कोण म्हणालं होतं? मीच. सगळे खो खो हसले. आपले चिटणीस गोविंदराव, हे इथे व्यासपीठावर बसलेत, ते म्हणाले, "अरे बाबा, चेहरा कुठाय यात? ओळखायचं कोणाला?" काशिनाथ म्हणाला, "चेहरा तुम्ही रोज बघता, साहेब. मी उडी काढलीय."

गोविंदरावांना ते पटलं नाही. माणूस शिस्तीचा. कलापथकाची स्मरणिका काढायची होती, त्यात व्यवस्थित फोटो पाहिजे. मग दादरहून दुसरा फोटोग्राफर आणला. रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, इथेच व्यायामशाळेच्या दारात आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून उभे राहिलो. सदूनं केसांना तेल लावलं होतं. मागची रांग उभी, पुढची खुर्च्यांवर, कोणी हलायचं नाही, हसायचं नाही. काशिनाथ बाजूला उभा होता. कोणीतरी म्हणालं, काशिनाथलाही घ्या. तर आपल्यातलाच एकजण म्हणाला, तो कुठे पथकात आहे? खरं होतं. तो पथकात नव्हता. तो फक्त प्रत्येक खेळाला, प्रत्येक तालमीला असायचा.

फोटो झकास आला. स्मरणिकेत पूर्ण पानभर छापला. खाली नावं. "उभे, डावीकडून." "बसलेले, डावीकडून." कोण शाहीर, कोण सोंगाड्या, कोणत्या मिलमध्ये कामाला, सगळं. गोविंदरावांनी स्वतः बसून शुद्धलेखन तपासलं. आणि मैदानाच्या दारात उभं राहून आपण ती वाटली. जो येईल त्याला. या, घ्या, आमचा फोटो बघा.

मग सरकारनं आपल्या संयुक्त महाराष्ट्राच्या खेळावर बंदी घातली. आपण बंदी मोडून खेळ केला. त्याबद्दल मला अभिमान आहे, अजून आहे, आज विचाराल तर परत करू. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांनी पाच जणांना घरातून उचललं. शाहीर, सदू आणि आणखी तिघे. नाव घेऊन उचललं, दार नेमकं ठोठावून. कोणाला चुकून उचललं नाही. कोणाला "तूच का तो?" असंही विचारलं नाही. चेहरा बघितला आणि चल म्हणाले.

मी सुटलो. मी त्या आठवड्यात मालवणात होतो, आईचं दुखणं होतं. गोविंदराव सुटले. पेटीवाला सुटला. आणि काशिनाथ सुटला.

परत आलो तर इथे, याच सतरंजीवर, बैठक चालू होती. फितूर कोण? एकच प्रश्न. पोलिसांना चेहरे कोणी दाखवले? कोणीतरी म्हणालं, कॅमेरा कोणाकडे आहे? दुसरं कोणीतरी म्हणालं, त्याला पकडला कसा नाही? तिसरा म्हणाला, मी त्याला परवा चौकीच्या दारात बघितला.

मंडळी, आता नीट ऐका. इथून पुढे मला सोपं नाही.

माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. कारण काशिनाथ माझ्या बाजूला बसायचा, माझ्याकडून ताल शिकला, माझ्या घरी जेवला होता. मी "नाही" म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता. मी म्हणालो, "कोणाच्या पोटात काय असतं, कोणी सांगावं?"

एवढंच म्हणालो. नाव घेतलं नाही मी. शहाणा ना मी! नाव न घेता माणूस मारता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सुटलो मीही होतो. माझ्यावर संशय कोणी घेतला? गोविंदरावांवर कोणी घेतला? पेटीवाल्यावर? नाही. करी रोडच्या त्या चाळीतल्या माणसावर घेतला. ज्या घरानं दीक्षा घेतली, त्या घरावर घेतला. काशिनाथचा बाप माझ्याच मिलमध्ये होता, रिंग खात्यात, सूतकताईला. साचा खात्यात त्याला कधी येऊ दिलं नाही, आणि का ते इथे बसलेल्या प्रत्येक साचेवाल्याला ठाऊक आहे. मागाच्या धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, आणि आम्हाला त्याचं उष्टं चालत नव्हतं. बापाला दारात अडवलं, आणि पोराला तालमीच्या दारात. आपण म्हणतो, आम्ही जात मानत नाही. वगात तर रोज म्हणतो, आणि टाळी घेतो त्याच्यावर.

दुसऱ्या दिवशी तो तालमीला आला. दोघेजण दारात उभे होते. त्याला म्हणाले, "तू येऊ नकोस." त्यानं विचारलं, "का?" त्यानं आत माझ्याकडे बघितलं. मी ढोलकीची वादी ओढत होतो. ती आधीच ओढलेली होती.

तो गेला. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, आपल्याला सोयीचं झालं असतं. बघा, कसा अंगावर येतो, म्हणता आलं असतं.

सात महिन्यांनी सदू सुटून आला. आपण ढोल वाजवले, हार घातले. आणि हारातून मान बाहेर काढत सदूनं पहिलं विचारलं, "काशिनाथ कुठाय?" मग त्याला सांगितलं. तर सदू हसायला लागला. वेड्यासारखा हसला, आणि मग रडला. सदू, उठू नकोस, मी सांगतो. तू बस.

सदूनं सांगितलं, पोलिसांच्या टेबलावर आपली स्मरणिका होती. ते पान उघडलेलं. एकेका नावाखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ. आणि काशिनाथला त्यांनी चौकीवर बोलावलं होतं, हे खरं आहे. बंदी मोडल्याचा पुरावा म्हणून त्याच्याकडचे सगळे फोटो आणायला लावले. सदू तिथे कोठडीत होता, त्यानं डोळ्यांनी बघितलं. साहेबानं एकेक फोटो बत्तीखाली धरला आणि फेकला. "माणूस कुठाय यात? ही काय भुतं काढलीस?" मग त्याला विचारलं, यातला सदाशिव कोण, शाहीर कोण, तू सांग. काशिनाथ म्हणाला, "साहेब, मला नाही ओळखू येत. फोटो हललेत." कानाखाली दोन खाल्ल्या त्यानं. परत तेच म्हणाला. फोटो हललेत, साहेब.

कळलं ना? ज्या फोटोंत कोणी ओळखू येत नाही म्हणून आपण वर्षानुवर्षं हसलो, त्याच फोटोंवरून आपल्याला ओळखलं, असा आरोप आपण त्याच्यावर ठेवला. एकाही माणसाच्या डोक्यात ही गोष्ट आली नाही? इथे शाळा शिकलेले लोक आहेत. मी तर त्या फोटोला धोतर म्हणालो होतो! मला तरी यायला नको होती?

आणि खरी चूक कोणाची? दगा कोणी दिला नव्हता. आपल्याला आपले चेहरे बघायची हौस. डावीकडून, उजवीकडून. पोलिसांनी काही चोरलं नाही. आपणच छापून दिलं, शुद्धलेखन तपासून.

सदू सुटला त्याला तीन महिने झाले. तीन महिने आपल्याला खरं ठाऊक होतं. मी पहिल्याच बैठकीत म्हणालो, उद्या जाऊन त्याची माफी मागू. गोविंदराव म्हणाले, "मागू, पण रीतसर मागू. गणपती होऊन जाऊ दे." गणपती झाले. मग म्हणाले, "आता उघड बोललो तर विरोधक म्हणतील, यांच्यात फूट आहे. चळवळीचं नुकसान होईल." रागावू नका गोविंदराव, तुम्ही हेच म्हणालात. आणि आम्ही माना हलवल्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र घेणार आपण. घ्यायलाच पाहिजे, आणि मिळेल. पण लालबागहून करी रोडला चालत दहा मिनिटं लागतात, ती आपल्याला तीन महिन्यांत जमली नाहीत.

तुम्हाला वाटेल, हा बाबू आज फार शहाणपणा करतोय. म्हणून माझंही सांगतो.

मी गेलो होतो. एकटा. दिवाळीच्या आधी, रविवारी दुपारी. सखूवहिनींनी बसायला घोंगडी टाकली, चहा दिला. काशिनाथ म्हणाला, "ये बाबूदा." जणू मी कालच भेटलो होतो. तो बारीक झाला होता. मी चहा प्यायलो. मी सांगितलं, नवा वग बसवतोय. त्यानं विचारलं, "सदूचा पाय बरा आहे ना? उडी पहिल्याएवढी घेतो?" मी म्हटलं, जरा कमी घेतो, कोठडीत अंग आखडलं. तो म्हणाला, "मग तू लय थोडी उतरव त्याच्यासाठी. घाई करू नकोस." मी कपातलं संपवलं. तो म्हणाला, "आणखी काही?"

मंडळी, तो वाट बघत होता. त्याला ठाऊक होतं मी कशाला आलोय. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "नाही रे. सहज आलो होतो."

तो म्हणाला, "बरं."

मी जिना उतरलो. पुढच्या रविवारी नक्की बोलायचं ठरवलं. पुढच्या रविवारी तो तापानं फणफणला होता. नंतर मी इस्पितळात गेलो तेव्हा तो कोणालाच ओळखत नव्हता. मी त्याच्या कानाशी सगळं बोललो, हात जोडून बोललो. ते धरू नका. शुद्धीवर नसलेल्या माणसाची माफी मागणं म्हणजे स्वतःच्या मनाची समजूत घालणं. ती मी घातली, आणि ती काही पटली नाही. मला झोप येत नाही वहिनी, आणि येऊ नये.

आता हा कागद. हा आजच्या सभेचा ठराव. गोविंदराव शेवटी वाचणार होते, मी त्यांच्या पुढ्यातून उचलला. "कलापथकाचे हितचिंतक व हौशी छायाचित्रकार कैलासवासी काशिनाथ यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा तीव्र शोक व्यक्त करीत आहे." पहिली गोष्ट, कैलासवासी नाही. वहिनींच्या भावानं मघाशी दारातच सांगितलं, आमच्याकडे तसं लिहीत नाहीत. तेवढंही कोणी विचारलं नाही. दुसरी गोष्ट, हितचिंतक कसला? हितचिंतकाला कोणी दारातून घालवतं का? आणि शोक व्यक्त करीत आहे! शोकाला काय लागतं? शोक फुकट असतो.

या ठरावात एक ओळ पाहिजे. मी लिहून आणलीय, माझं अक्षर वाईट आहे, तरी वाचतो. "काशिनाथवर आम्ही फितुरीचा खोटा संशय घेतला. तो निर्दोष होता हे कळल्यावरही आम्ही गप्प राहिलो. ही सभा त्याच्या घरच्यांची माफी मागते." तेवढंच. हा कागद या व्यायामशाळेच्या दारावर लागला पाहिजे, जिथे त्याला अडवला तिथे. सखूवहिनींना त्या चाळीत राहायचंय. त्यांच्या पोराला याच रस्त्यानं शाळेत जायचंय, आणि "फितुराचा पोर" अशी हाक त्यानं ऐकलीय. होय, आपल्याच पोरांकडून.

शोकसभेत शेवटी सगळे दोन मिनिटं उभे राहतात. उभं राहायला कोणालाच काही लागत नाही. शेजारचा उठला की आपण उठतो. आज तसं करू नका. माझी हात जोडून विनंती आहे. ज्याला ही ओळ मान्य आहे, त्यानंच उभं राहायचं. ज्याला मान्य नाही त्यानं बसून राहायचं, त्याला कोणी काही बोलणार नाही. गोविंदराव, तुम्हीसुद्धा. खुर्चीचा मान आहे म्हणून उठू नका.

वहिनी, तुम्ही बसून राहा. तुम्हाला आज उभं राहायचं कारण नाही. तुम्ही फक्त मागे वळा आणि बघा, कोण उठतंय.

मी बोलायला म्हणून उभा आहे, ते मोजू नका. मी आता इथे खाली बसतो.

बसलो.

आणि आता उठतो.